रस्त्यातला खांब आणि आमची बाय

आम्ही खालच्या शेतात भात कापत होतो. शेजारची मंदा बांधावरून धावत आली आणि लांबूनच म्हणाली, "गो, विळा टाक. बायला टेम्पोनं उडवली. खांबाजवळ." कुठला खांब हे मला विचारावं लागलं नाही. मी पोचले तेव्हा बायला जीपमध्ये घालून मुरबाडला नेलं होतं. रस्त्यावर चुन्याची बादली आडवी पडली होती आणि त्या सांडलेल्या पांढऱ्यातून गाड्या जात होत्या. मुरबाडला पोचायच्या आधीच ती गेली...

बाय म्हणजे माझी थोरली जाऊ, शेवंता. घरात लहानथोर सगळे तिला बायच म्हणत. तिला जाऊन दीड महिना झाला. या दीड महिन्यात गावातले किती लोक मला सांगून गेले, बाय भाग्यवान, देवाची सेवा करता करता गेली. मी मान खाली घालून ऐकलं. मला चारचौघांत बोलता येत नाही, कधीच आलं नाही. पण ते खोटं आहे. बाय कुठल्याही देवाची सेवा करत नव्हती. रस्तावाल्यांनी आणि लाइटवाल्यांनी इतकी वर्षं जे काम केलं नाही, ते ती करत होती.

आमची वस्ती मुरबाडहून धसईला जाणाऱ्या रस्त्यावर. पूर्वी रस्ता एका गाडीपुरता होता आणि लाइटचा सिमेंटचा खांब त्याच्या कडेला, गवतात उभा होता. माझा धाकटा अजून शाळेत जात नव्हता तेव्हा रस्ता रुंद करायला घेतला. मजूर आले, खडी आली, डांबर आलं. खांबापाशी आल्यावर त्यांनी खांबाच्या अलीकडे डांबर टाकलं, पलीकडे डांबर टाकलं आणि पुढे गेले. खांब आता रस्त्यात होता. बाय ओट्यावरून बघत होती. ती मुकादमाला म्हणाली, "अरे दादा, ह्याला विसरलात." तो हसला. "आमी डांबरवाले, मावशी. खांब काढणारे येगळे."

ते वेगळे काही आले नाहीत. त्याच वर्षी माझे थोरले दीर, बायचे मालक, कारखान्यातून लूनावर घरी येत होते. दिवस मावळला होता आणि लाइट गेलेली होती. लाइटच्याच खांबावर लाइट नाही, म्हणून तो दिसला नाही. गुडघा असा फुटला की पाय पुन्हा वाकला नाही. कारखान्याने दुसरा माणूस घेतला. बाय मोलमजुरीला जाऊ लागली, आणि मजुरी नसेल त्या दिवशी ऑफिसांत. सोबत म्हणून मला न्यायची. मी दाराशी उभी राहायचे, बोलायची ती.

रस्त्याचे साहेब म्हणाले, "बाई, रस्ता आमचा आहे, खांब त्यांचा आहे." लाइटचे साहेब म्हणाले, "खांब आमचा, पण रस्ता रुंद करताना आम्हाला कोणी विचारलं का? आता त्यांनी लेखी मागावं." एकदा तर एक साहेब वैतागून बोलले, "तुमचा नवरा खांबाला धडकला, खांब नाही तुमच्या नवऱ्याला धडकला." बाय शांतपणे म्हणाली, "बरं. मंग खांब रस्त्यात आला का रस्ता खांबात गेला, तेवढं तरी सांगा." साहेबांनी पंख्याकडे बघितलं. मला हसू आलं आणि भीतीही वाटली.

एका उन्हाळ्यात लाइटवाले खरंच आले. नव्या खांबासाठी त्यांनी रस्त्याच्या कडेला खड्डा खणला आणि पहारीचा घाव थेट पाण्याच्या पाइपवर बसला. पाणी उसळलं, लाइटवाले पळाले. दुसऱ्या दिवशी पाइपवाले आले, पाइप जोडून त्यांनी खड्डा बुजवला आणि इथे पुन्हा खणायचं नाही असा दम आम्हालाच देऊन गेले. जणू आम्ही खणला होता. पलीकडच्या कडेला टेलिफोनवाल्यांनी केबल पुरलेली होती, तिकडे ते कोणाला हात लावू देत नव्हते. त्यांची एक तार मात्र आमच्याच खांबावर लटकत होती.

तेव्हा बायने ठरवलं की चौघांना एका दिवशी त्या खांबाखाली उभं करायचं. ती म्हणायची, "रुसलेले सोयरे एका पंगतीला बसवले का आपोआप बोलतात. हे तरी येगळे कशाला असतील?" तिने चारी ऑफिसांत जाऊन जेवणाचं आवतण दिलं. आम्ही दोघींनी सुक्या बोंबलाचं कालवण केलं, तांदळाच्या भाकऱ्या थापल्या, ओट्यावर चार पाट मांडले. एकटा टेलिफोनचा लाइनमन सायकलवरून आला. पोटभर जेवला. म्हणाला, "वयनी, माझी नुसती तार हाय. खांब गेला का तारपन जाईल त्याच्यासंगं. कालवण झकास झालंय." उरलेल्या तीन पाटांवर संध्याकाळी मुलं बसली.

त्यानंतर ऑफिसात जाणं तिने सोडलं आणि चुना आणला. रस्त्याकडेच्या झाडांना रस्तावाले पांढरे-तांबडे पट्टे मारतात, तसे तिने खांबाला मारले. खाली काव, वर चुना, पुन्हा काव. वरती जुन्या लुगड्याचं लाल फडकं बांधलं. गाड्या लांबूनच वळू लागल्या. दर वर्षी पावसात रंग धुऊन जायचा, आणि पाऊस सरला की बाय बादली घेऊन निघायची.

मग एका ट्रकवाल्याचा ब्रेक लागेना आणि ट्रक खांबाला चाटून थांबला. त्याने खाली उतरून तिथे नारळ फोडला. झालं... काव होती, लाल फडकं होतं, आता नारळही आला. कोणी हळदकुंकू वाहिलं, कोणी अगरबत्ती लावली. धसईच्या बाजाराला जाणारे गाडीतूनच हात जोडू लागले. वर्षभरात त्याला खांबदेव असं नावही पडलं आणि कोणीतरी भोवती सिमेंटचा चौथरा बांधला. म्हणजे खांब होता तो आणखी दोन हात रस्त्यात आला.

बायचा संताप मी तेव्हा पाहिला. आम्ही बौद्ध. आमच्या सासूने लग्न होऊन आल्यावर घरातले सगळे देव स्वतःच्या हाताने नदीत सोडले होते. बायने हार काढायला हात घातला तर लोक जमले. एक जण म्हणाला, "तुमी तुमचे देव सोडलेत, आता आमचेपन काढता का?" बाय म्हणाली, "अरे, ती काव मी लावलीय. जुन्या बादलीत मीच कालवली. सासूनं देव नदीत सोडले, आन मी रस्त्यात नवा बसवीन का?" कोणी ऐकलं नाही. दोघे हसले. घरी येऊन ती मला म्हणाली, "न रंगवावा तर मानूस मरतो, रंगवावा तर देव मोठा होतो. काय करू गो?" पाऊस सरल्यावर तिने पुन्हा चुना भिजवला.

यंदाही भिजवला. मुरबाडकडची बाजू रंगवून झाली होती. धसईकडच्या बाजूला ती वळली आणि भाजीचा टेम्पो आला. चौथऱ्यामुळे रस्ता अरुंद झाला आहे, आणि अजून न रंगवलेल्या बाजूने तो येत होता.

बाय गेली त्याच आठवड्यात ते चौघे आले. रस्त्याचे, लाइटचे, पाइपचे आणि टेलिफोनचे साहेब, एकाच दिवशी, त्या खांबाखाली. बायच्या एका पंगतीला जे आले नाहीत, ते तिच्या मरणाला आले. लाइटचे साहेब म्हणाले, खांब हलवायला आमची तयारी आहे. गावातला पुढारी म्हणाला, "देव हलवायचा नाय. गावाचा इरोध हाय." साहेबांच्या तोंडावर कसलं समाधान पसरलं, ते मी बघितलं आहे. इतकी वर्षं एकमेकांशी न बोललेले चौघे लगेच एका मताचे झाले. लोकभावना आहे, मग काय करणार. एकाने चपला काढून हात जोडले. मग चौघे टपरीवर एका बाकावर बसून चहा प्यायले.

धसईकडची बाजू तशीच राहिली होती. रंगवायला कोणी धजेना. शिवाय लोकांना त्यातही पुण्य दिसलं. म्हणे, बायचा शेवटचा हात लागलेला आहे, अर्धाच असू दे. परवा त्याच बाजूने आलेली एक मोटारसायकल चौथऱ्यावर चढता चढता वाचली. मागे बसलेल्या पोरीचं रडणं आमच्या घरात ऐकू आलं.

काल सकाळी भाऊजी, म्हणजे बायचे मालक, काठी घेऊन उठले आणि मला एवढंच म्हणाले, "चुना भिजव." ते ताठ पायाने चालत धसईच्या बाजूला रस्त्याच्या मधोमध जाऊन उभे राहिले आणि काठी आडवी धरली. पहिली एसटी थांबली. मागे वाळूचा ट्रक, मागे जीप. मी खांबावरचे हार काढले, नारळाच्या करवंट्या गोळा केल्या आणि सगळं कडेच्या गवतात नेऊन ठेवलं. मग कुंचला घेतला.

एसटीचा ड्रायव्हर डोकं बाहेर काढून म्हणाला, "ओ मावशी, पूजा आटपा की लवकर. टाइम झालाय."

"पूजा नाय," मी म्हणाले. माझा आवाज मलाच ओळखू आला नाही. "खांब रंगवतेय. थांब."

मागच्यांनी हॉर्न वाजवायला सुरुवात केली. ट्रकवाल्याने विचारलं, काय चाललंय. भाऊजी म्हणाले, "काम चाललंय. ज्यांचं हाय त्यांना घेऊन ये, आमी बाजूला होतो." हार काढलेले बघून गावातले दोघे-तिघे जवळ आले, पण भाऊजींच्या तोंडाकडे बघून लांबच उभे राहिले. मी खालून वर रंगवत गेले. बायसारखेच पट्टे, काव, चुना, काव. घाई केली नाही. हॉर्न वाजत होते, वाजू दिले.

चुन्याचा पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा देता येत नाही. ओला असताना तो दिसतही नाही. मी कुंचला बादलीत ठेवला, त्या चौथऱ्यावर बसले आणि रंग वाळायची वाट बघत राहिले.