चौथं चित्र

गेल्या रविवारी आईला मोटरसायकलवर मागं बसवून मांडवगणहून दौंडला घेऊन गेलो. दवाखाना नाही, लग्न नाही, दहावा नाही... आई निघाली होती एका चित्रकाराला जाब विचारायला. वय वर्षं बहात्तर, आणि मांडीवरच्या पिशवीत एक जुनी शाळेची वही.

आईला वाचता येत नाही. आमच्या लहानपणी घरी पेपर यायचा तो दुपारच्या एसटीनं, आणि त्यात आईचं असं एकच काहीतरी असायचं... आतल्या पानावरची चार चित्रं. नवरा-बायकोची रोजची गंमत, आणि शब्द एकही नाही. वर त्या मालिकेचं नाव छापलेलं असायचं, पण आई आपली म्हणायची, "आपली दोघं".

त्यातली बायको बहुतेक वेळा पाठमोरीच असायची. तरी ती रागावलीय की हसू दाबतेय, हे पाठीवरून बरोबर कळायचं. खांद्याची एक रेघ जराशी वर, बस्स... मी कंपनीत दिवसभर कॉम्प्युटरवर ड्रॉइंग काढतो, पण ती रेघ मला सात जन्मांत जमायची नाही.

आमच्या शेतात शेवंती होती. दुपारी लिंबाखाली बायका फुलं निवडायला बसल्या की आई ती चित्रं कात्रीनं सुटी करायची. चौथं चित्र मात्र उलटं धरून कापायचं आणि न बघता पानाच्या चंचीत टाकायचं, असा तिचा नियम. स्वतःसुद्धा बघायची नाही!

तीन चित्रं हातोहात फिरायची आणि पुढं काय होणार यावर बायकांची जोरदार भांडणं व्हायची. संध्याकाळी काम आटपलं की चौथं बाहेर निघायचं. मग पिठाची खळ लावून चारही चित्रं वहीत.

एके दिवशी चौथं चित्र चंचीत सापडलंच नाही. बहुतेक फुलांच्या करंडीत पडलं आणि टेंपोतून आप्पांबरोबर, म्हणजे माझ्या वडलांबरोबर, पुण्याच्या मार्केटला गेलं. सकाळी गावात दुसरा अंक शोधला, तर किराणा दुकानात त्याच्या शेंगदाण्याच्या पुड्या झालेल्या.

त्या दिवशी पहिल्या चित्रात बायको दारात उभी होती, पाठमोरी. दुसऱ्यात तशीच, फक्त तिची सावली लांब झालेली. तिसऱ्यात दोन ताटं वाढून ती दाराकडं तोंड करून बसलेली... नवरा आला का नाही, ते राहूनच गेलं. वहीत चौथ्याची जागा आईनं मोकळी सोडली.

आप्पा फुलं घेऊन संध्याकाळी जायचे ते दुसऱ्या दिवशी कधीतरी परतायचे. तोवर आईचं सगळं लक्ष रस्त्याकडं. त्या एका चित्रापायी ती एवढी का अडून बसली, हे मला फार उशिरा कळलं. आप्पांना जाऊनही आता चार वर्षं झाली...

मागच्या आठवड्यात कंपनीतला दौंडचा मित्र बोलता बोलता म्हणाला, की ते चित्रकार त्याच्याच गल्लीत मुलीकडं राहतात. घरी येऊन आईला सांगितलं. तिनं एवढंच विचारलं, "कवा जायचं?"

चित्रकार काका पंच्याऐंशीच्या पुढचे. कॉटवर बसलेले, हातांना सारखा कंप. मुलगी म्हणाली, त्यांच्याकडं स्वतःचं एकही चित्र उरलेलं नाही. सगळी ऑफिसात जायची, तिथून पुढं कुठं गेली कुणास ठाऊक.

आईनं वही पुढं केली, लिंबाखालच्या बायकांचं सगळं सांगितलं. मला वाटलं, आता खूश होतील... छे! एकेक पान उलटत स्वतःलाच बोल लावत बसले. "इथं कोपर चुकलंय. हा दिवा नकोच होता." समोरचा चहा गार झाला, तरी मान वर नाही.

मोकळी जागा आली तशी आई पुढं सरकली. "दादा, मला वाचता येत न्हाई. पण ह्यात त्यो आला का न्हाई, येवढं सांगा."

काकांनी ती तीन चित्रं बराच वेळ न्याहाळली. मग हळूच म्हणाले, "आठवत नाही हो, ताई."

आईचा चेहरा असा उतरला की मला वाटलं, उगाच आणलं हिला. एवढी वर्षं निदान आशा तरी होती.

"त्या बायका काय म्हणाल्या होत्या?" काकांनी विचारलं.

"एक म्हणली, भायेर जेवून आला आसंल. एक म्हणली, यष्टी चुकली."

"आणि तुम्ही?"

आईनं त्या मोकळ्या जागेवरून बोट फिरवलं. मग खाली बघत म्हणाली, "यिऊ द्या त्याला. लई येळ वाट बघती ती."

काकांनी मुलीकडं पेन मागितलं. ती बघतच राहिली. दोन वर्षांत त्यांनी पेन हातात धरलं नव्हतं, हे तिनं मला नंतर सांगितलं.

उजवं मनगट डाव्या हातानं घट्ट धरून ते वहीवर वाकले. मला वाटलं, नवरा काढतील. पण त्यांनी काढला फक्त उंबरा... आणि उंबऱ्याबाहेर पुरुषाच्या दोन चपला. एक सरळ, दुसरी आडवी. पाच-सहा थरथरत्या रेघा, बाकी काही नाही.

"आला!" आई एकदम म्हणाली. मग अजून वाकून बघितलं. "आन् घाईनं आलाय... चपला बी धड काढल्या न्हाईत."

काकांनी पेन खाली ठेवलं. मुलीला म्हणाले, "माझं इतकं नीट कुणी वाचलं नव्हतं गं."

जिथं तिथं अंगठा उठवताना ओशाळणारी माझी आई... आयुष्यात पहिल्यांदा तिला कुणी असं म्हटलं. मी नुसता काकांच्या पाया पडलो. रोज पेपरात येऊन दुसऱ्या दिवशी रद्दीत जाणाऱ्या चार चित्रांनी माझ्या आईला किती दिलं, ते त्यांना नीट सांगायचं राहिलंच. म्हणून हे इथं लिहितोय.

येताना आईनं वही छातीशी धरली होती. गाव जवळ आलं तशी मागून हळूच म्हणाली,

"जेवली आसंल आता ती."