जिभेनं मोजलेली साखर

माझ्या आईनं आयुष्यात कधी साखर मोजली नाही. बस डेपोच्या फाटकाशी तिचं चहाचं दुकान आहे, आत जेमतेम दोन माणसं उभी राहतील एवढं. पातेल्यात चहा उकळला की ती डब्यातून मूठभर साखर सोडायची, चमचाभर चहा जिभेवर घ्यायची, जरा विचार करायची आणि आणखी सोडायची. जीभ 'बास' म्हणाली की थांबायचं. एकतीस वर्षं हाच कायदा. "माझा चहा दाण्यानंही बदललेला नाही," असं ती प्रत्येक नव्या कंडक्टरला ऐकवायची आणि जुने ड्रायव्हर माना डोलवायचे.

मी त्याच डेपोत गाड्यांच्या वेळा लावतो. माझी खिडकी दुकानासमोरच आहे, त्यामुळे आईचा घास न् घास मला दिसतो. दिवसाला वीस-बावीस पातेली, प्रत्येकाला दोन-तीन चमचे चाखणं, वर स्वतःचे सात कप, वर त्यात बुडवलेली बिस्किटं. वडिलांना साखरेच्याच आजारानं नेलं होतं. म्हणून आईच्या रक्तातल्या साखरेचा आकडा बघून डॉक्टरीणबाईंनी चष्मा पुसून पुन्हा बघितला तेव्हा मी घाबरलो. मी घाबरलो की ओरडतो. दवाखान्याच्या पायरीवरच ओरडलो.

"दुकान बंद! उद्यापासून घरी बसायचं!"

"का रे? दुकानानं काय घोडं मारलंय तुझं?"

"दिवसभर साखरेचा डबा मांडीशी घेऊन तू पथ्य पाळणार? मांजराला दुधाची राखण!"

आई चिडली नाही. गळ्यातल्या काळ्या दोऱ्यात शटरची किल्ली असते, ती तिनं मुठीत धरली. "तीन महिने दे. पुढच्या तपासणीत आकडा उतरला नाही, तर ही किल्ली मी आपण होऊन तुझ्या हातात ठेवीन. मग घरी बसव, नाहीतर कपाटात ठेव."

डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या, गोड बंद केलं. चहा चाखायला मात्र एक सवलत दिली: चमचाभर नाही, थेंबभर. आई चमच्याचं टोक हाताच्या पाठीवर टेकवून तेवढाच ठिपका चाटू लागली. स्वतःच्या कपात साखर नाही.

पहिला आठवडा डेपोनं जपून काढला. सुटे मागितले तरी ती डोळे वटारायची. तिसऱ्या दिवशी ती साखरेच्या डब्याला "बघतोस काय मेल्या" म्हणाल्याचं मी माझ्या कानांनी ऐकलं. दुपारी चारला तर तिला अशी तल्लफ यायची की हात आपोआप डब्याकडे जायचा. मग तिनं एक युक्ती काढली. चार वाजले की फडकं आणि बादली घेऊन आवारात उभ्या असलेल्या रिकाम्या बसमध्ये चढायची आणि काचा पुसायची. एक बस पुसून होईपर्यंत तल्लफ उतरलेली असायची. नाही उतरली तर दुसरी बस. डेपोचा सफाईवाला इतका खूश झाला, की चार वाजता तो स्वतःच तिला हाक मारायला लागला, "मावशी, सात नंबर फार घाण झालीय हो!"

सहाव्या आठवड्यात ती बादली न घेताच बसून राहिली. मी खिडकीतून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही. चार वाजून गेले ना? मला कळलंच नाही." आणि ती लहान मुलीसारखी हसली. मी उगाच दोन गाड्यांच्या वेळा मोठ्यानं ओरडलो.

या सगळ्यात मीही रोज तिचाच चहा पीत होतो, चार-चार कप. चव तीच, एकतीस वर्षांची. पँट कमरेत सैल व्हायला लागली तेव्हा मी शिंप्याला दोन शब्द सुनावून आलो.

तपासणीचा कागद यायचा त्या दिवशी सकाळी लांब पल्ल्याचा ड्रायव्हर परतला. आम्ही त्याला लंबू म्हणतो. तीन महिने तो दुसऱ्या डेपोत होता, आईच्या चहासाठी झुरत होता. आल्या आल्या त्यानं घोट घेतला आणि कपात बघितलं.

"मावशी, साखर संपली का?"

"संपेल कशी? तोच चहा आहे."

"कसला तोच! हा तर फिका आहे."

बाकीचे त्याच्यावर तुटून पडले. तिकडचं पाणी लागलंय तुला, जीभ बाटलीय तुझी. मीही खिडकीतून तोंडसुख घेतलं. आईनं मात्र डब्याचं झाकण उघडलं. जो डबा आठवडाभरात रिकामा व्हायचा तो दहाव्या दिवशी अर्धा भरलेला होता. तिची जीभ शहाणी झाली होती. जरा साखर पडली की 'बास' म्हणत होती, आणि ती बिचारी थांबत होती. दिवसाला दोन-चार दाणे कमी करत करत तिनं सगळ्या डेपोचं गोड उतरवलं होतं, आणि ते ना तिला कळलं होतं, ना आम्हाला.

दुपारी कागद घेऊन मी धावत आलो. आकडा असा उतरला होता की डॉक्टरीणबाईंनी मला दोनदा वाचून दाखवला. पण शटर खाली होतं. आई रिकाम्या सात नंबरमध्ये मागच्या सीटवर बसली होती. तिनं किल्ली माझ्या हातावर ठेवली.

"अगं, आकडा उतरलाय! जिंकलीस तू!"

"आकडा उतरला, पण जीभ गेली. तीन महिने लोकांना फिका चहा पाजून 'दाण्यानं बदलला नाही' म्हणून सांगत होते मी. आता कशाच्या जोरावर दुकान चालवू?"

जे दुकान बंद कर म्हणून मी पायरीवर ओरडलो होतो, तेच उघडावं म्हणून मी आता हातापाया पडत होतो. शेवटी म्हणालो, "उद्या एकच पातेलं जुन्या चवीचं कर. लोकांना पुन्हा तीच चव दे आणि मग काय ते ठरव."

"माझ्या जिभेला ती चव आता कुठून कळणार?"

"लंबूची जीभ आहे ना!"

सकाळी शटर मीच उघडलं आणि लंबू पातेल्याशेजारी उभा. आई मूठ सोडायची, तो चाखायचा. "अजून, मावशी. अजून." मुठी संपता संपेनात. शेवटी त्यानं डोळे मिटले. "हां! हा खरा चहा!"

आईनं सगळ्यांना कप भरून दिले आणि पदराचं टोक मुठीत धरून उभी राहिली. पहिला घोट एका कंडक्टरनं फाटकाबाहेर थुंकला. दुसरा म्हणाला, "मावशी, चहा केलाय की पाक?" सफाईवाल्यानं कप तसाच ठेवून पाणी मागितलं. माझे तर दातच चिकटले.

"आम्हाला कालचा द्या! तुमच्या हातचा!" सगळे एकदम ओरडले.

आईनं हाताच्या पाठीवर एक ठिपका घेऊन चाटला. तोंड असं काही वाकडं केलं की विचारू नका. "अगं बाई! हे मी एकतीस वर्षं पाजलं तुम्हाला?" आणि ती हसत सुटली, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला तिचा फार अभिमान वाटला.

ते पातेलं एकट्या लंबूनं संपवलं. दुसरं चढलं. आईनं साखर सोडली, ठिपका चाखला आणि थांबली. मग माझ्यापुढे हात केला.

"आण ती किल्ली. आणि तू काय उभा राहिलास? सातची गाडी सोडायची नाही का?"