धोंड्याचा महिना आणि मामाजींची निळी मोटार

आता चहा समोर आलाच आहे, तर माझी इज्जत कशी गेली तेही ऐकून घ्या. एरवी मी हा विषय काढत नाही. घरात कोणी काढलाच, तर मी उठून अंगणात जातो!

आमचं नागपूरला इतवारीत भांड्यांचं दुकान. मी गादीवर बसणार, घासणं-चमकवणं कारागिरांकडे. पण काळे पडलेले पितळी हंडे रोज डोळ्यांसमोर पिवळेधमक होताना बघितले, की माणसाला वाटतं, यात काय मोठं? आपल्यालाही येतं!

त्या साली अधिक महिना आला तो ऐन उन्हाळ्यात. धोंड्याचं वाण घ्यायला मला सासरवाडीचं बोलावणं आलं. कुमुद, म्हणजे आमची ही, आधीच माहेरी जाऊन बसली होती. आता अधिकात जावई म्हणजे साक्षात नारायण. त्याला वाण द्यायचं, पुरणाचे धोंडे खाऊ घालायचे, आणि काहीही झालं तरी शब्दानं दुखवायचं नाही. हा शेवटचा नियम लक्षात ठेवा बरं का!

सासऱ्यांची, म्हणजे मामाजींची, एक जुनी निळी फियाट होती. जीव की प्राण! दुसऱ्या कोणी स्टिअरिंगला हात लावलेला त्यांना खपत नसे. पण नागपूरच्या उन्हानं तिचा रंग पार मेला होता. बोट फिरवलं की खडूसारखी भुकटी यायची.

मी म्हटलं, "मामाजी, दुकानातून पॉलिशची मशीन आणतो. आरसा करून देतो!"

"खरंच?" मामाजी विरघळले. "मंग रविवारी चावी तुमची. कुमुदले घेऊन रामटेकले जा."

कुमुदचा चेहरा काय फुलला म्हणता! लग्न झाल्यापासून बिचारीनं सगळं नागपूर माझ्या सायकलच्या कॅरिअरवरून बघितलं होतं.

दुसऱ्या दिवशी मशीन आणली. ड्रिलला कापडाची जाड चकती, घंगाळी चमकवायची. मामाजी धोंडे जेवून कूलरसमोर आडवे झाले. मी चकतीला पॉलिशची वडी लावली आणि बॉनेटवर टेकवली. घर्रर्र!

चकती निळी झाली. वा! मेलेला रंग निघाला आणि खालून गर्द निळा वर आला. तिथंच थांबलो असतो तर? पण थांबेल तो मी कसला! बॉनेटच्या मधल्या उंचवट्यावर जरा जोर दिला आणि तिथं विटकरी डाग दिसला.

गंज! आमच्या धंद्यात नियम एकच, डाग दिसला की दाब वाढवा. वाढवला. डाग पोळीएवढा झाला. अजून दाबलं. आणि काय सांगू, आतून लख्ख पांढरी चमक आली, स्टीलच्या ताटासारखी! मी हरखलोच. मग एकाच जागी चमकून कसं चालेल? दोन्ही मडगार्ड घेतले.

सासूबाई ओट्यावर आल्या. बघतच राहिल्या. तोंड उघडलं, मिटलं, पदर लावला. शेवटी म्हणाल्या, "जावईबापू, उनात करून राहिले... सरबत आणू काय?"

मला वाटलं, बोलती बंद झाली कौतुकानं!

तेवढ्यात कुमुद धावत आली. "अहो, काय करून राहिले तुम्ही? रंग काहून काढला?"

"रंग नाही गं, गंज काढला."

"कुठचा गंज! बाबांनी माझ्यासमोर रंगवून घेतली होती. आधी लाल अस्तर मारतात, मंग निळा. आता तर नुसता पत्रा दिसून राहिला!"

मी मशीन बंद केली. हंडा कितीही घासा, खाली पितळच असतं हो! मोटारीचा रंग कागदाएवढा पातळ असतो, हे मला कोण सांगणार?

मामाजी उठून बाहेर आले. गाडीभोवती सावकाश फिरले. ओठ हलायला लागले, तोच सासूबाई मागून कळवळून म्हणाल्या, "अहो, अधिक महिना हाय! बोलू नका!"

मामाजींनी बॉनेटवरून एकदा बोट फिरवलं. "चांगलं... चमकवलं," म्हणाले, आणि माठाशी जाऊन पेल्यामागून पेला पाणी पीत राहिले. त्यांनी दोन थोबाडीत मारल्या असत्या तर निदान रात्री घास तरी घशाखाली उतरला असता हो! संध्याकाळी त्यांनीच मला वाण दिलं. तांब्याचं ताट, अनारसे, वर दिवा. ताट इतकं लख्ख, की त्यात माझं तोंड दिसत होतं. बघवेना!

रामटेकला आम्ही एसटीनं गेलो. कुमुद सगळा वेळ खिडकीबाहेर बघत होती.

पुढचा धोंड्याचा महिना आला, तेव्हा सासरवाडीचं बोलावणंच नाही! मी समजलो, संबंध संपले. आणि एका दुपारी दारात सायकलरिक्षा थांबली. घामाघूम मामाजी, शेजारी सासूबाई, मांडीवर वाणाचं ताट.

"अहो मामाजी, एवढ्या लांब रिक्षानं? गाडीला नवीन रंग दिला म्हणे, मग ती का नाही आणली?"

मामाजींनी ताट माझ्या हातात ठेवलं. नियमाप्रमाणे मला वाकून नमस्कार केला. आणि हात जोडूनच म्हणाले,

"नारायणा, म्हणूनच तर नाही आणली!"