चुलीवरची फ्लॉपी

महाडच्या बाजारपेठेतल्या कुणाही छापखानेवाल्याला विचारा, कॉम्प्युटरवरची मराठी अक्षरं रुसली तर काय करता? तो म्हणेल, "करायचंय काय, आवडीबाईंना फोन लावायचा." पोलादपूरचा झेरॉक्सवाला हेच सांगेल आणि माणगावचा लग्नपत्रिकावालाही. आवडी हैबती ढेबे या बाईकडे ना कसली पदवी आहे ना दारावर पाटी. पोलादपूरजवळच्या कापडे गावाच्या वरच्या अंगाला डोंगरात जो धनगरवाडा आहे, तिथली ही मुलगी. दहावीपर्यंत रोज डोंगर उतरून शाळेत गेली आणि दहावी झाल्यावर महाडला मालोजीशेठांच्या छापखान्यात कागदाच्या घड्या घालायला लागली. तिथून ती कॉम्प्युटरच्या खुर्चीवर कशी बसली ही एक गंमत, आणि त्या खुर्चीवरून उठायची वेळ आली असताना कशी टिकली ही दुसरी. मला दुसरी जास्त आवडते.

पहिली थोडक्यात सांगून टाकतो. सत्त्याण्णव साली शेठनी कॉम्प्युटर घेतला तेव्हा तो चालवायला एक शिकलेला मुलगा ठेवला होता. तीन महिन्यांत त्याला पुण्याला नोकरी लागली आणि तो गेला. आवडी घड्या घालता घालता त्याच्याकडे बघत असे, एवढंच तिचं शिक्षण. तो गेल्याच्या दुसऱ्या दिवशी एका बारशाची पत्रिका अडली होती. ती म्हणाली, "शेठ, मी बघू?" शेठ हसले. संध्याकाळी पत्रिका छापून तयार होती. मग हसणं थांबलं आणि घड्या घालायला दुसरी बाई आली.

आता दुसरी गंमत. सन दोन हजार, फेब्रुवारी संपत आला होता. औद्योगिक वसाहतीतल्या एका रसायन कंपनीचं काम शेठना पहिल्यांदाच मिळालं होतं. चार मार्चच्या सुरक्षा दिनाला कामगारांच्या हातात द्यायची, खिशात मावेल अशी पुस्तिका. ॲसिड कसं हाताळायचं, डोळ्यांत उडालं तर काय करायचं, नळ कुठे, मोकळी वाट कुठली. मजकूर टाइप होऊन झाला होता. दोन तारखेला दुपारपर्यंत बटर पेपरवर, म्हणजे अर्धपारदर्शक कागदावर, प्रिंट काढून छपाईची प्लेट करायला द्यायचे, की झालं. आणि नेमकं तेव्हाच मशीन बंद पडायला लागलं. आवडी अक्षरांच्या प्रकारांची यादी उघडायची, की पानं जुळवायचा पेजमेकर प्रोग्राम आपला आपण बंद. पुन्हा चालू करा, पुन्हा बंद.

शेठचा स्वभाव वाईट नव्हता, पण संकट आलं की त्यांना पहिल्यांदा माणूसच दोषी दिसायचा. ते म्हणाले, "आवडी, मी उगाच तुझ्यावर भरवसा टाकला. हे शिकलेल्यांचं काम. खेडला माझा भाचा कॉम्प्युटरचंच काम करतो, दोन तारखेला टेम्पो पाठवतो म्हणालाय. तोवर चालू झालं तर ठीक, नाहीतर मशीन जाईल त्याच्याकडे. तू घड्यांवर ये परत."

घड्या घालण्यात कमीपणा नाही, हे आवडीलाही मान्य होतं. पण ती खुर्ची तिची होती. वाड्यावरच्या एकाही बाईच्या नशिबात तशी खुर्ची आली नव्हती. ती म्हणाली, "शेठ, दोन तारखेच्या दुपारपर्यंत मशीनला हात लागू देऊ नका कुणाचा. खराब काय झालंय ते मी काढते हुडकून." तिच्या आवाजात असा काही ठामपणा होता, की शेठ चहा सांगायला बाहेर गेले.

मशीनमध्ये दोनशे अठ्ठेचाळीस फॉन्ट होते. एकेका वळणाच्या अक्षरांची एकेक फाइल. त्यातली एखादी आतून सडली असणार आणि तिच्यापाशी आलं की मशीन ठेचकाळत असणार, हा तिचा अंदाज. पण कुठली? एकेक काढून बघायचं तर शिमगा उजाडला असता. इथे तिला बापाची आठवण झाली.

हैबतीकडे साठेक शेरडं होती. एका वर्षी कापड्याच्या शेतकऱ्यांची तक्रार आली, की शेरडं खाचरात शिरून भाताची रोपं खातात. शेरडांचं असं असतं, की एक पुढारीण शिरते आणि बाकीच्या डोळे मिटून तिच्यामागे. पुढारीण कोण ते कळत नव्हतं. हैबतीने काय करावं? पहिल्या दिवशी निम्मी शेरडं कुडात कोंडली आणि निम्मी सोडली. सोडलेली नीट चरून आली. म्हणजे पुढारीण कोंडलेल्यांत. दुसऱ्या दिवशी त्यांतली निम्मी सोडली. सहाव्या दिवशी तिचा कान हैबतीच्या हातात होता. त्याला लिहिता वाचता येत नव्हतं, हिशेबाचं तर नावच नको. पण निम्मं निम्मं करत गेलं की चोर उरतो, एवढं त्याला कळत होतं.

आवडीने दोनशे अठ्ठेचाळीसातले निम्मे फॉन्ट काढून दुसऱ्या फोल्डरमध्ये कोंडले. मशीन बंद करून चालू केलं. यादी उघडली, पडली नाही. चोर कोंडलेल्यांत. त्यांतले निम्मे परत सोडले. पडली. मग सोडलेल्यांत. दर खेपेला ते जुनं मशीन कुरकुरत उठायला चार मिनिटं घ्यायचं आणि तेवढ्यात ती उभ्या उभ्या चहाचा घोट घ्यायची. आठव्या खेपेला एकच फाइल हातात राहिली. तिचं नाव 'गोदा ठळक'. जाड, डोळ्यांत भरणाऱ्या अक्षरांचा फॉन्ट. तो बाहेर काढल्याबरोबर मशीन शहाण्यासारखं चालायला लागलं.

"सापडला!" ती ओरडली. शेठ धावत आले. त्यांनी स्क्रीनकडे बघितलं आणि त्यांचा चेहरा पडला. मशीन चालत होतं खरं, पण पुस्तिकेतली सगळी ठळक वाक्यं इंग्रजी अक्षरांचा कडबा झाली होती. त्या काळी असंच होतं. मजकूर ज्या फॉन्टमध्ये टाइप केला तोच हवा, दुसरा लावला की मराठीचं भुस्कट. आणि कंपनीने नमुना मंजूर केला होता तो याच अक्षरात. धोक्याची सगळी वाक्यं, जवळजवळ निम्मी पुस्तिका, 'गोदा ठळक'मध्ये होती.

हे सडलं कसं, त्याचा शोध कपाटात लागला. आदल्या पावसाळ्यात सावित्री नदीचं पाणी बाजारपेठेत आलं तेव्हा कॉम्प्युटर माळ्यावर चढवला होता, पण फ्लॉप्यांचा डबा खालीच राहिला. पाणी डब्याला शिवलं नाही, ओल मात्र शिवली. पुस्तिकेचा नमुना मंजूर झाल्यावर, गेल्याच आठवड्यात, दुरुस्तीवाल्याने मशीनमध्ये सगळं नव्याने भरताना याच डब्यातली फ्लॉपी वापरली. वाचता वाचता मशीन अडलं, पुन्हा वाचू की सोडून देऊ असं त्याने विचारलं आणि घाईत असलेल्या दुरुस्तीवाल्याने सोडून दे सांगितलं. आवडीने फ्लॉपीची पत्र्याची झडप सरकवून बघितली. आतल्या काळ्या चकतीवर लोणच्यावर येते तशी पांढरी बुरशी.

तिने कापूस स्पिरिटमध्ये बुडवून चकती हलक्या हाताने पुसली आणि फ्लॉपी घातली. खाट खाट करत, कण्हत कुथत, सातव्या प्रयत्नात फाइल उतरली. मजकूर पुन्हा मराठी झाला. शेठनी देवाच्या तसबिरीला हात जोडले. आवडीने मात्र एक वाक्य टाइप केलं: काखेत कळसा, गावाला वळसा.

स्क्रीनवर उमटलं ते असं: काखेत क सा, गावाला व सा.

ळ नव्हता. बाकी सगळी अक्षरं जागच्या जागी, आणि ळच्या ठिकाणी मोकळी जागा. बुरशीने नेमका तेवढा घास घेतला होता.

"त्यात काय एवढं?" शेठ म्हणाले. "ळच्या जागी ल घाल. वसाहतीत निम्मे लोक तसंच बोलतात. कळतं सगळ्यांना."

आवडीने पुस्तिका उघडून मोठ्याने वाचली. "डोले चोलू नका. तत्काल नलाखाली धरा. ॲसिड हातालताना..."

शेठना हसू आलं. तिला आलं नाही. तिचा भाऊ सुनील त्याच वसाहतीत दुसऱ्या एका कंपनीत पाळीवर होता आणि तो बोट ठेवून एकेक अक्षर लावत वाचायचा. डोलेवर तो अडला असता. जिथे घाईने वाचायचं तिथेच माणूस अडावा, असं पुस्तक आपल्या हातून जाणार नाही, असं तिने तिथल्या तिथे ठरवून टाकलं.

"शेठ, ल नाय घालायचा," ती म्हणाली. रागावली की तिची वाड्यावरची बोली बाहेर यायची. "ळ हाय माझ्याकडं."

"कुठे?"

"घरी. चुलीवर."

शेठना वाटलं, पोरीचं डोकं फिरलं. पण खरंच होतं ते. आदल्या वर्षी पाऊस लागण्याआधी आवडीने मशीनमधल्या मराठी फॉन्टांची एक जादा नक्कल फ्लॉपीवर उतरवून घरी नेली होती, कारण या गल्लीत पाणी पाहुण्यासारखं दरसाल येतं हे तिला दिसत होतं. तिची आई बयाबाई हिने ती काळी चौकोनी फ्लॉपी उलटसुलट करून विचारलं होतं, "ह्ये काय गो?" आता फॉन्ट म्हणजे काय हे बयाबाईला कसं सांगायचं? आवडी म्हणाली होती, "आये, ह्ये अक्षरांचं बियाणं हाय. मशीनमधलं मेलं, तर ह्यातनं परत पेरायचं."

एवढं ऐकल्यावर बयाबाईला पुढचं सांगायची गरज उरली नाही. बियाणं कुठे ठेवायचं हे काय तिला शिकवायचं?

एक तारखेला सकाळच्या एसटीने आवडी पोलादपूरला, तिथून कापड्याला आणि पुढे दीड तास डोंगर चढून वाड्यावर गेली. बयाबाई दारातच होती. "एवढ्या मधीच आलीस? बरी हायस ना?"

"बरी हाय. माझं बियाणं दे."

चुलीवरच्या माळ्यावर, नाचणीच्या बियाण्याच्या गाडग्याला टेकून एक पत्र्याचा डबा होता. वरून काजळीने काळा झालेला. आत फडक्याच्या चार घड्यांत गुंडाळलेली फ्लॉपी. सगळा पावसाळा, खाली चूल पेटती आणि वर ही कोरडी ठणठणीत. "महिन्याला उघडून बघत व्हते," बयाबाई म्हणाली. "किडा नाय लागला."

छापखान्यात कुलपाच्या कपाटात जे नासलं, ते हिने धुरात राखलं होतं. भाकरी खाऊन जा, एवढं आई म्हणत होती, पण तिने भाकरी हातातच घेतली आणि डोंगर उतरली.

दोन तारखेला सकाळी दहा वाजता तिने फ्लॉपी मशीनमध्ये सरकवली. शेठनी नाक मुरडलं. "धुराचा वास येतोय हिला."

"येऊ दे की," आवडी म्हणाली.

आधी तिने दोन्ही फाइली शेजारी ठेवून त्यांचं वजन, म्हणजे कुठली किती जागा खाते ते, पाहिलं. मशीनमधली हलकी भरली, चुलीवरची भारी. मग हलकी पुसून टाकली, भारी तिच्या जागी बसवली, मशीन बंद करून चालू केलं आणि तेच वाक्य टाइप केलं. कळसा काखेत आला, वळसा गावाला पडला. पण तेवढ्यावर तिचं समाधान नव्हतं. हैबती संध्याकाळी शेरडं मोजायचा नाही, एकेकीचं तोंड बघून ओळखायचा. कारण साठ भरली तरी त्यात परकी असू शकते. तसं तिने अ पासून ज्ञ पर्यंत, सगळ्या काना-मात्रा आणि जोडाक्षरांसकट, एक पान टाइप करून छापलं आणि प्रत्येक अक्षराच्या तोंडाकडे बघत शेवटपर्यंत गेली. सगळी हजर होती.

दुपारी बारा वाजता बटर पेपर तयार झाले. साडेबाराला खेडचा टेम्पो दारात उभा राहिला. शेठ बाहेर गेले आणि ड्रायव्हरला चहा पाजून त्याला रिकामाच परत धाडला. आत येऊन त्यांनी ते अ पासून ज्ञ पर्यंतचं पान उचलून बघितलं. मग म्हणाले, "आवडी, ते हजेरीचं पान प्रत्येक फॉन्टचं काढून ठेव. दर महिन्याला घेत जा." शेठकडून एवढं म्हणजे सत्कारच.

तेव्हापासून ती हजेरी घेते. पुढे दुसऱ्या छापखान्यांची घ्यायला लागली आणि तिचं नाव झालं. पण ते सगळं नंतरचं.

सुरक्षा दिनानंतरच्या रविवारी ती पुन्हा वाड्यावर गेली, फ्लॉपी परत ठेवायला. सोबत पुस्तिकेच्या दोन प्रती नेल्या होत्या. सुनीलही घरी आला होता. त्याने एक उघडली आणि बोट ठेवून वाचलं, "डो-ळे चो-ळू न-का." एकदाही अडला नाही. आवडी त्याच्या बोटाकडेच बघत होती.

बयाबाईने दुसरी प्रत हातात घेतली. तिला वाचता येत नव्हतं. "तुझं कोनचं अक्षर हरवलं व्हतं, ते दाव मला."

आवडीने पहिल्या पानावरचा मोठा, ठळक ळ दाखवला. बयाबाईने पुस्तिका उजेडात धरली. शेजारी शेजारी दोन गोल वाटोळी. तिने दोन्हींवरून बोट फिरवलं.

"अगो, ह्याला तर दोन डोळं हायत," ती म्हणाली. "ह्येच गेल्यावर तुमच्या मशीनला दिसनार कसं?"

मग तिने फ्लॉपी फडक्यात गुंडाळली, डब्यात घातली आणि नाचणीच्या शेजारी, चुलीवर ठेवून दिली.