कडुबाभाऊंची काळी भिंत

"माझा कागद तुमी कामून वाचता? पोटच्या पोरावर भरवसा नाय?" शेजारचा अभय बापावर ओरडत होता. गारखेड्यात आमच्या दोन घरांत भिंत एकच, मी कान झाकून घेतले तरी ऐकू येणारच. आणि मी काही झाकले नव्हते. पुण्यातल्या नोकरीचा करार होता त्याचा. कडुबाभाऊंनी चष्मा लावून दोन इंग्रजी शब्दांचा अर्थ विचारला, एवढाच गुन्हा. शेवटी तेच नमले, "बरं बाबा. इथून पुढं तुझा कागद वाचणार नाय."

भाऊ कॉलेजच्या लायब्ररीत शिपाई होते. पुस्तकं झटकता झटकता इंग्रजी शिकले. घराची रस्त्याकडची भिंत काळी रंगवून तिच्यावर रोज सकाळी एक शब्द लिहायचे, खाली अर्थ, त्याखाली वापर. 'एक्सपायरी : मुदत संपणे. गोळी घेण्याआधी एक्सपायरी बघावी.' मी तिसरीत शाळा सोडलेली, पण त्या भिंतीच्या जोरावर औषधवाल्याशी भांडून आले.

"जय भीम, अक्का. कालचा शब्द वापरला का?"

"वापरला की. सुनंवर."

'कन्सेंट : संमती' लिहिला त्या दिवशी तर सगळ्या गल्लीला बजावलं, वाचल्याबिगर सही करायची नाय.

मागल्या वर्षी अभय पुण्याहून आला, पेढे घेऊन. सोबत कागद. "घर दुरुस्तीला कर्ज काढतो बाबा, सही लागंल." चष्मा भाऊंच्या खिशातच होता. हात तिकडं गेला अन् माघारी आला. सही केली. रजिस्ट्री ऑफिसातही तसाच अंगठा देऊन आले. घरी सही झाली तेव्हा मी शेजारीच बसून पेढा खात होते. त्या कागदानं घर विकायची मुखत्यारी पोराकडं गेली, हे कळलं तेव्हा नवा मालक टेप घेऊन खोल्या मोजत होता.

"भाऊ, तुमीच असं केलं?"

"वाचणार नाय म्हणलो होतो ना त्याला."

"मग केस करा."

"पोरावर?" एवढंच म्हणाले.

रविवारी सामानाचा टेम्पो यायचा होता, सिल्लोडला पुतण्याकडं जायला. त्या सकाळीही भाऊ कोपऱ्यावरून खडू घेऊन आले. ओल्या फडक्यानं भिंत पुसली, सुकू दिली, लिहिलं : 'व्हेकेट : जागा खाली करणे. वापर : मी आज घर व्हेकेट करत आहे.' एक अक्षर वाकडं आलं होतं, ते पुसून पुन्हा काढलं.

"अक्का, वापरून बघा," म्हणाले, आणि फडकं धुऊन कुंपणावर वाळत घातलं.