बावचीचं तेल आणि एप्रिलचं ऊन

"हा आजार नाही, हे भाजणं आहे," धंतोलीतल्या त्वचेच्या डॉक्टरबाई म्हणाल्या. माझी लेक रश्मी समोर मान खाली घालून बसली होती. मानेवर मागे बोराएवढे फोड. बाईंनी नाव सांगितलं, फोटोटॉक्सिक रिअॅक्शन. म्हणजे कातडीला असं काही लागलेलं असतं, की त्यावर पडलेलं ऊन भाजून काढतं. काय लावलं होतं, त्यांनी विचारलं.

"बावचीचं तेल," रश्मी म्हणाली. "मीच लावलं."

तेल मी लावलं होतं.

तिच्या मानेवर टिकलीएवढा पांढरा डाग होता. दुखत नव्हता, खुपत नव्हता. पण तिला बघायला पाहुणे येऊ लागले आणि माझ्या डोक्यात किडा शिरला. उमरेडच्या मावसबहिणीनं पांढऱ्या डागावरचं औषध म्हणून हे बावचीच्या बियांचं तेल दिलं. दोन थेंब लावून कोवळ्या उन्हात पाच मिनिटं बसव, म्हणाली. आता नागपूरच्या एप्रिलात कोवळं ऊन शोधायचं कुठे? आणि मी पडले दर उन्हाळ्यात कुरडया करणारी बाई. ऊन जितकं कडक तितकं वाळवण चांगलं, एवढंच माझं शिक्षण. त्या दिवशी हुडकेश्वरच्या आमच्या गच्चीवर कुरडया घातल्याच होत्या. रश्मीची मान तेलानं चोपडून मी तिला तिथेच बसवलं. कावळेही हाकल आणि ऊनही घे. अकरा ते बारा.

संध्याकाळी नुसती लाली होती. दुसऱ्या दिवशी आग, तिसऱ्या दिवशी फोड. तोवर मी कोरफड लावत बसले, ही दुसरी चूक. तुमच्या घरी असं झालं तर तेल धुऊन टाका, उन्हातून आत या आणि थेट डॉक्टरांकडे जा.

मग चकरा सुरू झाल्या. ड्रेसिंग सोडवताना रश्मी बाकाची कड घट्ट धरायची, तोंडातून आवाज नाही. बाई दर वेळी तिलाच रागवायच्या, शिकलेली पोरगी असून असं कसं केलंस म्हणून. मी पर्सची चेन उघडत-लावत बसायचे. घरी आले की न्हाणीत जाऊन रडायचे. पण दवाखान्यात तोंड उघडत नव्हतं. मला लाज वाटत होती.

चौथ्या खेपेला बाई पुन्हा तेच बोलल्या आणि मला राहवलं नाही.

"तिनं नाही मॅडम, मी लावलं. ते तं नको म्हणून राहिली होती."

बाई पुढची पट्टी सोडवू लागल्या. रश्मी मात्र इतक्या दिवसांत पहिल्यांदा रडली. ऑटोत बसल्यावर म्हणाली, "आई, मले त्या डागाचं कधीच काही वाटलं नाही वं. वेणी घालताना तुहा हात थांबायचा न, त्याचं वाटायचं."

जखम भरली. त्या डॉक्टरबाईंचे उपकार मी विसरणार नाही. पांढरा डाग आहे तसाच आहे. भोवतीचं भाजल्याचं काळं हळूहळू जाईल म्हणतात.

वेणी आता ती स्वतःच घालते. मागून दोन-चार बटा सुटलेल्या राहतात. मला दिसतात. मी काही म्हणत नाही.