बास्केटखालची रेघ

हे मी आजवर कुणालाच सांगितलेलं नाही. बायकोलाही नाही — आणि तिला तर मी शाळेतल्या शिपायांची भांडणंसुद्धा रोज जेवताना सांगतो. आताच का सांगावंसं वाटलं, ते मला नीट ठाऊक नाही. बहुतेक गेल्या महिन्यात करमाडला गेलो म्हणून. पण करमाडवर नंतर येतो. आधी थोडं इकडचं तिकडचं बोलू द्या. सरळ मुद्द्यावर यायचं धाडस असतं, तर ही गोष्ट अकरा वर्षं पोटात राहिली असती का?

मी छत्रपती संभाजीनगरच्या एका शाळेत खेळाचा शिक्षक आहे. आमच्या घरात तीन पिढ्या पंचांग नाहीतर फायली. शिट्टी फुंकणारा मीच पहिला. शालेय बास्केटबॉलच्या सामन्यांना वीसेक वर्षं पंच म्हणून उभा राहतोय. माझ्याबद्दल दोन गोष्टी बोलल्या जातात. एक म्हणजे माझी शिट्टी वाजली की वाजली, मी निर्णय फिरवत नाही. दुसरी, माझ्या खिशात कायम खडू असतो.

खडूचं सांगायलाच हवं. बास्केटखाली एक अर्धगोल असतो, रिंगच्या बरोबर खालच्या बिंदूपासून सव्वा मीटरचा. बॉल घेऊन झेपावणारी मुलगी समोर पाय रोवून उभ्या असलेल्या मुलीवर आदळली, तर फाऊल झेपावणारीचा — याला चार्जिंग म्हणतात. पण अडवणारीचा पाय त्या अर्धगोलात असेल, नुसता रेघेला लागला असेल तरी, चार्जिंग द्यायचं नाही. बास्केटच्या अगदी खाली शिरून कुणी वाट अडवू नये, एवढाच त्या नियमाचा अर्थ. आता आमच्याकडची सिमेंटची कोर्टं जुनी, त्यांवर तो अर्धगोल रंगवलेलाच नसायचा. बाकीचे पंच अंदाजाने चालवून घ्यायचे. मी मात्र सामन्याआधी सुतळी मोजून, गुडघ्यावर बसून, खडूने तो काढायचो. बुटांनी पुसला गेला की खेळ थांबल्यावर पुन्हा ओढायचो. "सर लई काटेकोर," लोक म्हणायचे. मला ते आवडायचं. का आवडू नये?

त्या दिवशी जिल्ह्याचा अंतिम सामना होता, सतरा वर्षांखालच्या मुलींचा. एक शाळा सिल्लोडची, एक वाळूजची. जिंकेल तो संघ विभागाला जाणार. सकाळी चहाच्या टपरीवर शेख सर भेटले — सिल्लोडच्या संघाचे शिक्षक, साधा माणूस, मुलींना खेळू द्या म्हणून घरोघरी जाऊन विनवण्या करणारा. त्यांनी मला लांबूनच एक उंच मुलगी दाखवली. सुवर्णा. दहावीत होती.

"हिच्या घरचे आलेत आज, सर. संघ विभागाला गेला तर पोरीला शहरात कॉलेजला टाकतो म्हणतेत, खेळायला. नाय तर सिल्लोडलाच. फैसला आजच हाय."

मी म्हणालो, चांगलं आहे. म्हणजे मला माहीत होतं — तिचं काय पणाला लागलंय, ते मला सकाळीच माहीत होतं.

शेवटचं मिनिट. सिल्लोड एका गुणाने मागे. सुवर्णाचे चार फाऊल झालेले. पाचवा झाला की खेळाडू बाहेर. तिने उजवीकडून बॉल घेतला, एकीला चुकवलं, दुसरीला चुकवलं आणि झेपावली. वाळूजची एक मुलगी बास्केटखाली येऊन उभी राहिली होती. दोघी आदळल्या, दोघी पडल्या, बॉल रिंगमधून खाली आला. आणि माझी शिट्टी वाजली. मी तळहातावर मूठ आपटली — चार्जिंग. बास्केट रद्द, सुवर्णाचा पाचवा फाऊल.

हात खाली यायच्या आत मला कळलं होतं. कोर्टाला तिथं एक चीर होती, डांबर भरलेली. वाळूजची मुलगी त्या चिरेवर उभी होती, दोन्ही पायांनी. मी ते पाहिलं होतं. आणि माझी रेघ चिरेच्या पुढून, मैदानाच्या बाजूने, वीतभर अंतरावरून जात होती. सकाळी मीच तर काढली होती. म्हणजे मुलगी अर्धगोलाच्या आत होती. चार्जिंग नव्हतं. बास्केट झाली होती आणि सिल्लोड एका गुणाने पुढे गेलं होतं.

निर्णय फिरवता येतो. तिथल्या तिथं चुकलो म्हणायचं, दुसऱ्या पंचाशी दोन शब्द बोलायचे, गुणलेखकाला सांगायचं. दोन मिनिटांचं काम. चार लोक हसले असते, बस. पण मी तोवर एकदाही निर्णय फिरवला नव्हता — आणि त्याचा मला केवढा अभिमान! हे मी सबब म्हणून सांगत नाही. सबब म्हणून पुढे करावं इतकंही ते मोठं नाही.

बरं, तेवढ्यावर थांबलो असतो तर ती नुसती चूक ठरली असती. चुका कोणता पंच करत नाही?

वाळूजच्या मुलीचा गुडघा फुटला होता. सगळे तिच्याभोवती जमले, कुणी पाणी आणलं, तिला उचलून बाजूला नेलं. शेख सर बाकावरून उठून येताना मला दिसले. त्या जागची रेघ जवळजवळ पुसली गेली होती. मी खिशातून खडू काढला, खाली वाकलो आणि रेघ पुन्हा ओढली. नेहमीसारखीच. फक्त या वेळी चिरेच्या मागून — बास्केटच्या बाजूने, वीतभर. जुना खडू जो काही उरला होता तो बुटाने पुसला. कुणी काही म्हणालं नाही. सर रेघ ओढतायत, यात बघण्यासारखं काय होतं? रेघ वाकडी आली का, असं तुम्ही विचाराल. नाही. रेघ छान आली.

शेख सर आले. "सर, पोरगी चिरेवर होती. मी बघितलं ना. आत होती ती."

मी नुसतं खाली बोट दाखवलं. ते उकिडवे बसले. चीर बघितली, रेघ बघितली. चीर रेघेच्या बाहेर होती. मग उठले आणि — हे लिहायला जड जातंय — त्यांनी माझा हात हातात घेतला.

"माफ करा, सर. माझीच नजर चुकली. तुमच्यावर शक केला मी."

मग ते बाकाकडे गेले. सुवर्णा रडत होती. तिला म्हणाले, "फाऊल तुझाच हाय, बेटा. समोर बघून जायचं असतं."

सिल्लोड एका गुणाने हरलं. सुवर्णाचे वडील आणि काका कठड्यापाशी उभे होते. सामना संपल्यावर काकांनी तिची बॅग उचलली आणि ते निघाले. मी गुणपत्रिकेवर सही केली. त्या दिवशी मला विशेष काही वाटलं नाही, हेही सांगून टाकतो. वाटायला लागलं ते फार नंतर, आणि तेही अधूनमधून. शेख सरांना फोन करायचं मी पुष्कळदा ठरवलं. नंबर होता माझ्याकडे. गेल्या वर्षी ते वारले.

आता करमाड. तिथल्या एका शाळेने गेल्या महिन्यात मैत्रीपूर्ण सामन्याला पंच म्हणून बोलावलं. फाटकात खेळाच्या मॅडम उभ्या होत्या. "सर, ओळखलं का? सिल्लोडची सुवर्णा." शहरातलं कॉलेज झालं नाही, खेळणं दहावीलाच सुटलं, पुढे सिल्लोडलाच शिकून शिक्षिका झाली. तिच्या बोलण्यात राग नव्हता. असता तर मला सोपं गेलं असतं. तिने मुलींना गोळा केलं आणि मला त्यांच्यापुढे उभं केलं.

"ह्या सरांनी दिलेला फाऊल मी जन्मात विसरणार नाय. बास्केटखाली कुणी दिसलं की थांबायचं, ते मला त्या दिवशी कळलं. माझ्या घाईनं आमचा संघ हरला. तुम्ही तसं करायचं नाय."

सामना सुरू झाला. तिच्या मुली चपळ होत्या, नेमही चांगला. पण बास्केटपासून दोन पावलांवर आल्या की थांबायच्या. एकूणएक. अडवणारी अर्धगोलात उभी असली — इथल्या कोर्टावर तो पक्क्या रंगात रंगवलेला होता — तरी थांबायच्या आणि बॉल मागे द्यायच्या. एक ठेंगणी मुलगी सगळ्यांना मागे टाकून आली. पुढे एकटीच मुलगी, तीही रिंगखाली, रेघेच्या चांगली आत. झेपावली असती तर नियम तिच्या बाजूने होता. तीही थांबली. बाहेरून सुवर्णा ओरडली, "शाब्बास! अस्संच!"

त्या पुष्कळ गुणांनी हरल्या.

नंतर शिक्षकांच्या खोलीत तिने चहा-पोहे दिले. खोलीत आम्ही दोघंच होतो. तिने विचारलं, "सर, बरोबर शिकवते ना मी पोरींना? चुकत असलं तर सांगा. तुमच्याइतकं नियमाचं कुणाला कळतं?"

अकरा वर्षांपूर्वी सगळं क्षणात घडलं, असं एक वेळ म्हणता येईल. इथं कसली घाई होती? चहा गरम होता. बसला अजून तासभर अवकाश होता.

"बरोबर शिकवतेस," मी म्हणालो.

ती हसली. मग तिने मुलींना आत बोलावलं आणि सरांच्या पाया पडायला सांगितलं. बारा जणी एकेक करून वाकल्या. मी प्रत्येकीच्या डोक्यावर हात ठेवला.